आमच्या मागे याचे कसे होणार?

रक्तदाब तपासून होतो, गोळ्या लिहून होतात, पिशवी आवरून होते आणि मग खुर्चीतून उठता उठता आई किंवा वडील विचारतात, "डॉक्टरसाहेब, माह्या मांगं ह्याले कोन पाहीन?" 'हा' म्हणजे बाहेर बाकावर बसलेला तीस-बत्तीस वर्षांचा मुलगा. ओठावर मिशा, डोक्यावरचे केस विरळ होऊ लागलेले आणि समज मात्र सात-आठ वर्षांच्या पोराची. कुणाची मुलगी जन्मताना गुदमरली म्हणून तिचे हातपाय कायमचे ताठ झालेले असतात, कुणाला लहानपणी मेंदूज्वराने गाठलेले असते, कुणी जन्मापासून डाऊन्स सिंड्रोमचा असतो. या प्रश्नावर माझ्याजवळ गोळी नाही. थोडी माहिती आहे आणि थोडा राग आहे. आरोग्याच्या स्तंभात हे कशाला, असे कुणी म्हणेल. परंतु ज्या घरात ही चिंता आहे त्या घरातील आईचा रक्तदाब नुसत्या गोळीने उतरत नाही, हे मी दवाखान्यात रोज पाहतो.

एका पिढीपूर्वी हा प्रश्न एवढा मोठा नव्हता, याचे कारण वैद्यकीय आहे. अशी मुले बहुधा आईवडिलांच्या डोळ्यांदेखत जात. न्यूमोनिया, हृदयातील छिद्र, झटके येऊन अडकलेला श्वास यांतून थोडीच विशी-पंचविशी गाठत. आता प्रतिजैविके आहेत, झटक्यांवर चांगली औषधे आहेत, हृदयाच्या शस्त्रक्रिया होतात. पाश्चात्त्य देशांत डाऊन्स सिंड्रोमची व्यक्ती साठीच्या आसपास जगते. आपल्याकडेही चाळीस-पंचेचाळीस वर्षांची अशी माणसे आता सहज दिसतात. म्हणजे मूल आईबापांच्या मागे राहणार, हे आता गृहीतच धरले पाहिजे. आपले कायदे आणि आपल्या योजना यांनी ते अजून पुरते धरलेले नाही.

माझा दवाखाना मूर्तिजापूरला. एका हाताला अकोला, दुसऱ्या हाताला अमरावती. मूर्तिजापूरचा रुग्ण प्रमाणपत्रासाठी अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात जातो आणि शेजारच्या दर्यापूरचा अमरावतीच्या इर्विनमध्ये, कारण जिल्हा बदलतो. पण दोघांची गोष्ट एकच असते आणि ती मुलाच्या अठराव्या वाढदिवसापासून सुरू होते.

अठरा वर्षे पूर्ण झाली की मतिमंदांच्या शाळेतून नाव कमी होते. (हल्ली 'मतिमंद' म्हणायचे नाही, 'बौद्धिक अक्षम' म्हणायचे. शब्द बदलला हे बरेच झाले.) पुढे कार्यशाळा आहेत, परंतु तालुक्याच्या गावी त्या क्वचितच. ज्याने चार मुलांत बसून मेणबत्त्या आणि कागदाच्या पिशव्या करायला शिकले, तो पुन्हा घरात येऊन ओसरीवर बसतो. वजन वाढते, बद्धकोष्ठता होते, चिडचिड होते, आई म्हणते, पोट्टं बिघडलं. खरे तर त्याची शाळा सुटलेली असते, एवढेच. त्याच दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने तो सज्ञान होतो. बँकेत त्याच्या खात्यावर आईची सही चालत नाही, वडील त्याच्या वतीने करार करू शकत नाहीत. तो स्वतःचा मालक झाला, असे कायदा म्हणतो. तोच मुलगा अनुदानासाठी तहसील कार्यालयात गेला की त्याला विचारतात, "वडिलांचं उत्पन्न किती?" घेताना सज्ञान, देताना बापाचे लेकरू. माझा सगळा राग या एका ठिकाणी आहे.

आधी सर्टिफिकेटाबद्दल, कारण त्याशिवाय पुढचे दार उघडत नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते एकवीस केले. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. स्वमग्नता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन हे सर्व त्यात आले. आपल्या मेळघाटासाठी महत्त्वाचे म्हणजे सिकलसेलही आला. धारणी-चिखलदऱ्याच्या वाचकांनी हे लक्षात ठेवावे, कारण सिकलसेलच्या रुग्णाचे हातपाय धडधाकट दिसतात आणि घरचेच म्हणतात, "हा कसला अपंग?"

बहुतेक सवलतींना ४० टक्के अपंगत्व लागते. बुद्धीच्या बाबतीत हे टक्के कसे ठरतात ते पालकांना सहसा कुणी सांगत नाही. मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांक काढतो आणि आईला बरेच प्रश्न विचारतो. स्वतः जेवतो का, बटण लावतो का, एकटा दुकानात जाऊन येतो का. त्यावरून सौम्य असेल तर ५० टक्के, मध्यम ७५, तीव्र ९० आणि अतितीव्र १०० असा हिशेब बसतो. इथे एक विनंती. या मुलाखतीत आईबाप मुलाचे कौतुक करतात. "सगळं समजते त्याले, सगळं करते." परक्या माणसापुढे आपल्या लेकराला कमी दाखवायचे आईच्या जिवावर येते, हे मला समजते. पण ही सोयरीक जुळवण्याची बैठक नव्हे. जे तो स्वतः करतो ते सांगा आणि जे तुम्ही करून देता तेही सांगा. सकाळच्या आंघोळीपासून रात्रीच्या औषधापर्यंतचा एक दिवस घरून कागदावर लिहून न्यावा, म्हणजे ऐन वेळी तोंडात शब्द अडकत नाहीत.

आता केंद्र सरकारचे काय आहे पाहा. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन ही योजना २००९ साली आली. तिला दारिद्र्यरेषा लागते आणि ८० टक्के अपंगत्व लागते. मध्यम प्रतीच्या मतिमंदाला तक्त्यानुसार मिळतात ७५. म्हणजे ज्या मुलाला तासभरही घरात एकटे ठेवता येत नाही, तो केंद्राच्या लेखी पाच टक्क्यांनी कमी अपंग ठरतो. आणि ८० टक्क्यांच्या वर बसला तरी केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये. २०१२ पासून तो तेवढाच आहे. त्यानंतर तूरडाळ, गॅस, एसटीचे तिकीट कुठून कुठे गेले ते वाचकांना मी सांगायला नको.

सुदैवाने महाराष्ट्रात राज्याची स्वतःची योजना आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे आणि गावात तिला नुसते 'संजय गांधी' म्हणतात. "संजय गांधी चालू झाला का?" असे एक म्हातारी दुसरीला विचारते. यात ४० टक्क्यांवरील अपंगत्व चालते, वय ६५ च्या आत हवे, पुढे श्रावणबाळ योजना लागू होते. राज्यात १५ वर्षांचे वास्तव्य लागते. अर्ज तहसील कार्यालयात जातो. पैसे पूर्वी पोस्टात किंवा बँकेत याद्या जाऊन मिळत, आता आधारशी जोडलेल्या खात्यात थेट येतात. रक्कम जुलै २०२३ पासून महिना १५०० होती. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी ती २५०० केली आणि ऑक्टोबर २०२५ पासून वाढ लागू केली.

ही वाढ आपोआप झालेली नाही आणि तिची वाट आपल्याच भागातून गेली. अचलपूरचे माजी आमदार बच्चू कडू यांनी ८ जून २०२५ पासून गुरुकुंज मोझरी येथे, राष्ट्रसंतांच्या समाधिस्थळी, अन्नत्याग केला. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना महिना ६००० रुपये ही त्यांची मागणी होती. १४ जूनला उपोषण सुटले. त्यांचे राजकारण कुणाला पटो न पटो, मलाही त्यांच्या सगळ्याच पद्धती पटत नाहीत, परंतु मागणी हवेतली नव्हती. आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये दिव्यांगांचे निवृत्तीवेतन ६००० केले आणि अंथरुणाला खिळलेल्यांना १५००० ठरवले. आपल्या सीमेला लागून असलेल्या तेलंगणाने २०२३ मध्येच ४०१६ केले होते. आंध्र प्रदेश काही महाराष्ट्राहून श्रीमंत नाही.

पण रकमेपेक्षाही मला खुपते ती उत्पन्नाची अट. दिव्यांगाच्या बाबतीत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत लागते. इतर निराधारांना ही मर्यादा २१,००० आहे, तेव्हा दिव्यांगांवर मेहेरबानी केली असे शासन म्हणू शकते. २०२५ चा निर्णय रकमेपुरता होता, मर्यादा त्याने हलवली नाही. आता जरा हिशेब करू. ५०,००० म्हणजे महिन्याला ४,१६६ आणि दिवसाला १३७ रुपये, आणि तेही अख्ख्या घराचे. २०२५-२६ साली रोजगार हमीच्या मजुरीचा सरकारी दर ३१२ रुपये होता. त्या दराने बाप वर्षातून १६१ दिवस कामावर गेला की त्याचा मुलगा योजनेतून बाद. आई निंदायला गेली तर आणखी लवकर बाद. म्हणजे सरकारने ठरवलेल्या मजुरीवर सहा महिने काम करणारा माणूस सरकारच्याच दुसऱ्या खात्याच्या मते इतका संपन्न आहे की त्याच्या मतिमंद मुलाला मदतीची गरज नाही.

याचा परिणाम काय होतो तेही लिहितो. घरोघरी उत्पन्नाचे खोटे दाखले निघतात. तलाठ्याला माहीत असते, तहसीलदाराला माहीत असते, अर्ज करणाऱ्याला तर असतेच. गरीब माणसाला आपल्या मुलाच्या हक्कासाठी खोटे बोलायला लावणारा नियम हा नियम करणाऱ्यांची लाज आहे. आणि जो खोटे बोलत नाही, त्याचा मुलगा मागे राहतो. कापसाच्या चार एकरांवर जगणारे कोरडवाहू कुटुंब या नियमाने ना निराधार, ना सधार.

जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. तिला कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालते. त्या बहिणींना मिळणाऱ्या दीड हजाराबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या दवाखान्यात त्यातून औषधे विकत घेणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. प्रश्न एवढाच की धडधाकट बहिणीसाठी अडीच लाख आणि तिच्या अंथरुणावरच्या भावासाठी पन्नास हजार, ही कुठली तुला? २०१६ च्या कायद्याचे २४ वे कलम म्हणते की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम इतरांच्या तशाच योजनेपेक्षा निदान २५ टक्क्यांनी जास्त असली पाहिजे. संसदेने केलेला कायदा आहे हा. तरी २०२३ ते २०२५ अशी सव्वादोन वर्षे विधवा, निराधार आणि दिव्यांग या सर्वांना सारखेच १५०० दिले गेले. १५०० वर २५ टक्के म्हणजे १८७५ होतात, एवढे गणित मंत्रालयात कुणाला येत नसेल असे नाही.

माझे म्हणणे साधे आहे. ज्याचे अपंगत्व कायमचे आहे आणि जो कमावू शकत नाही, अशा अठरा वर्षांवरील व्यक्तीचे उत्पन्न म्हणजे तिचे स्वतःचे उत्पन्न. ते शून्य असते. बापाची मजुरी तिच्या नावावर धरू नये. हे आज जमत नसेल तर निदान अडीच लाखांची मर्यादा दोघांनाही लावावी. येत्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला हा प्रश्न ओसरीवरच विचारावा, सभेत कुणी ऐकत नाही.

आता नोकरदारांकडे वळतो, कारण त्यांच्याकडून होणारे नुकसान अज्ञानातून होते आणि ते टाळता येण्यासारखे आहे. सरकारी नोकर किंवा निवृत्तीवेतनधारक वारला की पत्नीला कुटुंब निवृत्तीवेतन मिळते हे सर्वांना ठाऊक असते. पत्नीच्या पश्चात, मानसिक वा शारीरिक अपंगत्वामुळे कमावू न शकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला ते हयातभर मिळू शकते, वयाची अट न लावता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तीवेतन) नियम, १९८२ मध्ये ही तरतूद आहे, केंद्राच्या नियमांतही आहे. साधारण दर शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के, वर महागाई. मूळ वेतन ५०,००० असलेल्या शिक्षकाच्या मुलाला १५,००० आणि महागाई. कुठे अडीच हजार आणि कुठे हे! १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या नोकरीत लागलेल्यांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी आपल्या कार्यालयात लेखी विचारावे. ज्यांचा भविष्य निर्वाह निधी कापला जातो त्या खाजगी कामगारांसाठीही १९९५ च्या कर्मचारी निवृत्तीवेतन योजनेत कायमच्या आणि पूर्ण अपंग मुलाला वयाच्या अटीशिवाय वेतन आहे.

मग मिळत का नाही? माझ्या माहितीतील एक गुरुजी होते. चाळीस वर्षे मुलांना मुळाक्षरे शिकवली. मोठा मुलगा नोकरीला, मुलगी नांदती आणि मधला मतिमंद. सेवापुस्तकात कुटुंबाचा तपशील भरताना मधल्याचे नाव त्यांनी घातलेच नाही. मुलीचे लग्न व्हायचे होते, सोयऱ्यांत बोभाटा नको. अपंगत्वाचे सर्टिफिकेटही त्याच कारणाने काढले नाही. गुरुजी गेले, पाच वर्षांनी बाई गेल्या. त्यानंतर मोठ्या भावाने धावपळ करून सर्टिफिकेट काढले. कार्यालयाने विचारले, हे अपंगत्व आईवडिलांच्या हयातीतले कशावरून? त्या मुलाला मी स्वतः लहानपणापासून झटक्यांच्या गोळ्या देत होतो, जुन्या चिठ्ठ्या शोधून दिल्या. प्रकरण अजून फिरते आहे. भाऊ भला आहे म्हणून पोराचे जेवण चुकलेले नाही.

म्हणून सांगतो, लाजेपायी कागद दडवू नका. सर्टिफिकेट आजच काढा, सेवापुस्तकात नाव घाला, निवृत्त झाला असाल तरी कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्या. केंद्र सरकारच्या निवृत्तांना तर हयातीतच निवृत्तीवेतनाच्या आदेशात अशा मुलाचे नाव घालून घेता येते, आणि अपंग मुलाचे लग्न झाले तरी तेथे वेतन थांबत नाही. दवाखान्याचे जुने कागद, शाळेचा दाखला, बुद्ध्यांकाचा पहिला अहवाल, हे सातबाऱ्यासारखे जपावे. आमच्याकडच्या चिठ्ठ्यासुद्धा फेकू नका, डॉक्टरचे अक्षर लागत नसले तरी तारीख लागते.

दुसरी गोष्ट पालकत्वाची. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक समिती असते, अध्यक्ष जिल्हाधिकारी. अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याचे काम ही समिती करते. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. आईवडील स्वतः अर्ज करू शकतात, नातेवाईकही करू शकतात. या पत्रावर बँकेत खाते उघडता आणि चालवता येते, रिझर्व्ह बँकेने बँकांना तसे कळवलेले आहे. एखाद्या शाखेत साहेब मान हलवू लागला तर नकार लेखी मागावा, बहुधा मग मान उभी हलू लागते.

आईबापांना भीती असते ती वेगळीच. पालक झालेला भाऊ किंवा पुतण्या उद्या सगळे गिळंकृत करील तर? कायद्यात याचा विचार आहे. नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांत पालकाने मालमत्तेची यादी द्यायची असते, पुढे दरवर्षी हिशेब द्यायचा असतो, आणि हेळसांड किंवा अफरातफर दिसली तर समिती त्याला काढू शकते. शेजाऱ्यांनीही डोळे उघडे ठेवावेत. वाटणीच्या वेळी अशा भावाचा अंगठा हक्कसोडपत्रावर घेण्याची चाल आपल्या वऱ्हाडात अजून आहे. "त्याले काय समजते वावरातलं" असे म्हणून त्याचा हिस्सा जातो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्पष्ट सांगितले आहे की कोणताही रोग, व्यंग किंवा विकृती वारसाहक्काच्या आड येत नाही. आणि ज्याला कागदात काय लिहिले ते समजतच नाही, त्याचा अंगठा कायद्याने करार होत नाही.

ज्यांना भाऊ नाही, पुतण्या नाही, आईबापही नाहीत त्यांचे काय होते हे पाहायचे असेल तर परतवाड्याजवळ वझ्झरला जावे. शंकरबाबा पापळकरांनी तेथे रेल्वे स्टेशनवर, बसस्थानकावर, कचऱ्यात टाकून दिलेली मतिमंद, मूकबधिर, अंध मुले वाढवली. शंभराहून अधिक मुलांच्या नावापुढे बाप म्हणून त्यांचे नाव लागले. त्यांच्या एका दृष्टिहीन लेकीने २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाची लिपिकाची परीक्षा पास केली. त्याच वर्षी बाबांना पद्मश्री जाहीर झाली. पण बाबांची जुनी मागणी पद्मश्रीची नव्हतीच. ती हीच अठरा वर्षांची आहे. बालगृहाचा कायदा अठरा वर्षांशी थांबतो. बेवारस मतिमंद मुलीने अठराव्या वाढदिवशी बालगृह सोडून जायचे कुठे, असे ते वर्षानुवर्षे विचारत आहेत आणि अशा मुलांना अठरानंतरही तेथेच राहू देणारा कायदा मागत आहेत. बाबांनी स्वतः कुणाला घालवले नाही, नियमाला विचारत बसले नाहीत. उद्या बाबा नसतील तेव्हा तो नियम असेल.

आता घरातील आईबद्दल. कायद्यात मदतनिसाच्या भत्त्याचा उल्लेख आहे. केरळात घरी राहून अशा व्यक्तीची शुश्रूषा करणाऱ्यासाठी दरमहा मदतीची 'आश्वासकिरणम्' योजना निघाली. रक्कम लहान आहे, पण त्या बाईचे काम हे काम आहे असे तिथल्या सरकारने कागदावर मान्य तरी केले. आपल्या भागात या नावाने दमडी मिळालेली एकही आई मी पाहिलेली नाही. पंचावन्न किलोच्या मुलाला उचलून संडासात नेणाऱ्या साठीच्या बाईची कंबर काय होत असेल ते क्ष-किरणाशिवायही सांगता येते. तिने वाकून उचलू नये, गुडघे दुमडून बसावे आणि ओझे अंगाशी धरून उठावे, पलंगाची उंची खुर्चीएवढी करून घ्यावी, शक्यतो दोघांनी उचलावे. स्वतःची साखर आणि रक्तदाब वर्षातून दोनदा तरी तपासावा. "मले काई होत नाही" हे वाक्य मी फार ऐकले आहे, बहुधा झटका येण्याआधी.

मुलाचीही तपासणी चुकवू नये. डाऊन्सच्या व्यक्तीत थायरॉइड मंदावते आणि घरचे समजतात आळशी झाला. वर्षातून एकदा रक्त तपासावे. चाळिशीनंतर तो ओळखीची कामे विसरू लागला, रात्री उठून फिरू लागला तर तो हट्ट नसून स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. झटक्यांची गोळी "दोन वर्षं आले नाही" म्हणून मनाने बंद करू नये. काही गोळ्यांनी हिरड्या सुजतात, दात रोज घासून द्यावे लागतात. या खर्चासाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना आहे. वरच्या चार प्रकारांना वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो आणि बाहेर्‍या रुग्ण म्हणून केलेली तपासणी-औषधेही त्यात बसतात. नोंदणी न्यासाशी संलग्न संस्थेमार्फत होते आणि दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. नेमके तेच लोक विसरतात.

खेड्यातील वाचकांनी ग्रामसभेत एक प्रश्न जरूर विचारावा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के गावातील दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. गेल्या वर्षी ते किती होते आणि कुणावर गेले? ग्रामसेवक चांगला असेल तर वही दाखवील. आणि संजय गांधीचे अनुदान चालू असलेल्यांनी दरवर्षीचा हयातीचा दाखला वेळेत द्यावा. मुलाला सोबत नेणे कठीण असेल तर त्याचे आधार, बँकेचे पुस्तक आणि दिव्यांग ओळखपत्र यांच्या प्रती नेऊन आधी चौकशी करून यावी. आधार बँकेशी जोडलेले आहे की नाही तेही तेव्हाच पाहून घ्यावे, कारण अनुदान बंद पडल्याचे घरी कळते ते दोन-तीन महिने पैसे आले नाहीत म्हणजे, आणि तोवर झटक्यांच्या गोळ्यांचे पाकीट संपलेले असते.